मामांनी बाहुली उतरवली

घरं बांधणारे कंत्राटदार गल्लोगल्ली सापडतात. पण काम बंद करण्यात ज्यांचा हात कोणी धरणार नाही असे बेळगाव-निपाणी पट्ट्यात एकटे आमच्या वहिनीचे मामाच. राहायला बोरगावला, कामं चहूकडे. नारळ फोडण्याआधी ते चारचौघांत अटी सांगत, मग कागदावर सह्या. त्यांत मालकाचे हक्क दोन ओळींत आटपत आणि काम थांबवायचे मामांचे हक्क मारुतीच्या शेपटासारखे लांबत. दृष्ट लागू नये म्हणून बांधकामावर गवताची बाहुली टांगतात, ती मामा स्वतः करत, आणि तिला स्वतःचा जुना शर्ट चढवत. काम बंद म्हणजे बाहुली खाली. मग तिला स्कूटरवर मागे बसवून, दोरीने पाठीशी आवळून स्वारी घरी. एकदा पोलिसाने मागच्याचं हेल्मेट विचारलं म्हणे! उचगावच्या एका मालकाने सांडपाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे सोडायला सांगितलं, बाहुली उतरली. बेळगुंदीत एकाने गवंड्याला आईवरून शिवी दिली, बाहुली उतरली. तो मालक मामांच्या पाया पडायला आला, तर "माझ्या नगं, त्येच्या पड," म्हणून त्याला गवंड्यापुढे उभं केलं. मामांनी सोडलेल्या कामाला या भागात दुसरा मेस्त्री हात लावत नसे.

हे ऐकून आम्ही पोट धरून हसायचो. मग त्यांनी बेळगावच्या वडगावातलं आमचंच घर बांधायला घेतलं.

जुनं घर पाडलेलं, विणायचे माग सुटे करून शेजाऱ्यांच्या सोप्यात ताडपत्रीखाली, आणि भाड्याच्या खोलीत आई रोज विचारणार, कधी जायचं रं आपल्या घरी? वरच्या मजल्याचा जिना थोरल्या भावाला, अण्णाला, आतून हवा होता, मला बाहेरून. बाहेरून जिना म्हणजे पुढेमागे वेगळी चूल, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तोंडाने मात्र आम्ही दोघंही हवा आणि उजेड याच्यापलीकडे जात नव्हतो. स्लॅबच्या सकाळी अण्णाने जिन्यापुरती जागा मोकळी ठेवायला सांगितली. मी येऊन तिथे फळ्या ठोकायला लावल्या. अण्णाने त्या उचकटायला लावल्या. मिक्सर घरघरत होता, माणसं घमेली घेऊन ताटकळत होती. अण्णा माझ्या अंगावर धावून आला आणि माझ्या हातात फळी कधी आली ते मलाच कळलं नाही. आई मध्ये पडली. मामा शिडीवर चढले आणि त्यांनी बाहुली सोडली.

"दोन तोंडांचा हुकूम आला की काम बंद, ही अट नारळाआधी सांगितलीया," ते खाली येऊन म्हणाले. "अमावास्येपतोर एक तोंड करा. न्हायतर करार मोडला. तुमी मोकळं, मी मोकळा."

मिक्सर थांबला. आईच्या रडण्याचा आवाज तेव्हा गल्लीभर ऐकू आला.

अण्णाने दोन मेस्त्री आणले. दोघेही बाहुलीची रिकामी जागा पाहून आल्या पावली परतले. सळ्या तांबरल्या. आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नाही. अमावास्येच्या सकाळी मी मोटारसायकल काढून बोरगाव गाठलं, तर मामांच्या दारात अण्णाची गाडी आधीच उभी! मामांनी दोघांनाही उंबऱ्यावरच अडवलं.

"एका गाडीवरनं या. मग बोलू."

निपाणीला परत जाऊन अण्णाची गाडी एका ओळखीच्याच्या दुकानापाशी लावली. तो माझ्या मागे बसला. वाटेत एक खड्डा चुकवता आला नाही, तेव्हा त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. पुढे रस्ता चांगला लागला तरी तो तिथेच होता.

मामांनी अंगणात चहा दिला. तेवढ्यात घराच्या बाहेरच्या जिन्यावरून एक म्हातारा उतरला. नाक हुबेहूब मामांचं. मामांकडेही न बघता तो निघून गेला.

"कोण ते?" अण्णाने विचारलं.

"भाऊ माझा." मामा कपात बघत राहिले. "ह्यो जिना मीच बांधलाय. लई घाईनं. तवा काम बंद करणारा कुणी भेटला न्हाय रं मला."

मी कप खाली ठेवला. "मामा, जिना आतनंच करा," मी म्हणालो.

"तुझं तोंड काय म्हंतंय?" त्यांनी अण्णाला विचारलं. अण्णाने होकाराची मान हलवली.

जिना आतून झाला. आमची भांडणं आता त्याच जिन्यात उभी राहून होतात, आणि दोघांनाही जेवायला एकाच स्वयंपाकघरात उतरावं लागतं. मामांनी कामं सोडली आहेत. बेळगावला आले की आमच्याकडे येतात, आणि चहाआधी कठडा धरून, काही काम नसताना, हळूहळू वर जातात. खाली यायला त्यांना वेळ लागतो. आम्ही कोणी हाक मारत नाही.