पुढच्या वर्षीची कोजागिरी

चहा संपेपर्यंत हसायचं नाही, हे कबूल करा, तरच सांगतो. कारण माझा घोळ साधासुधा नव्हता हो. मी अख्ख्या जगाची मुदत संपवली होती!

मी अनसिंगचा. घरी बसून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. गावात लोकांना त्यातलं 'घरी बसून' तेवढं ऐकू येतं. त्यात कामरगावचं स्थळ आलं. मुलगी मी एकदाच पाहिली होती. चहा देताना ती एवढंच म्हणाली, "साखर कमी त नाई न झाली?" बस! तेव्हापासून मला कारल्याची भाजीही गोड लागत होती.

अडलं होतं तिच्या बाबांपाशी. एसटीतले रिटायर कंडक्टर. त्यांचा निरोप आला, "पोरगा काय काम करते, ते डोयानं पाह्यल्याबिगर आपून होकार देत नाई." पितृपंधरवडा संपला की घर पाहायला येतो म्हणाले.

दाखवायला माझ्याकडे एक चीज होती. आज फवारणी करावी की नाही, हे सांगणारा प्रोग्राम. हवामानाची माहिती पुरवणारी एक बाहेरची सेवा आहे. माझा प्रोग्राम इंटरनेटवरून तिला वारा-पाऊस विचारतो आणि हिरवा नाहीतर लाल रंग दाखवतो. कोपऱ्यात मी हौसेनं एक चंद्रही काढला होता. कॉम्प्युटरच्या तारखेप्रमाणे तो लहानमोठा व्हायचा. शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय? काही नाही! मला बरं वाटायचं.

पाहुणे येण्याच्या आदल्या दुपारी तो चंद्र बघत बसलो होतो. नुसती नखाएवढी कोर. अंगणात सोयाबीन वाळत होतं, त्याचा उबदार वास घरभर. मनात आलं, कोजागिरीला हा कसा दिसेल? केली कॉम्प्युटरची तारीख पुढे. मग वाटलं, यंदा तर आपण एकटेच. ढकलली थेट पुढच्या वर्षीच्या कोजागिरीवर! काय गोल चंद्र उगवला म्हणून सांगू! गच्चीवर दूध आटतंय, ती हळूहळू पळी फिरवतेय, मधेच माझ्याकडे बघून विचारतेय, साखर कमी तर नाही... मी भर दुपारी चांदण्यात बसलो होतो. खरं सांगतो, इतकं सुख मला जागेपणी कधी झालं नव्हतं.

"अरे, आभाय आलं! सोयाबीन झाका लागते, ऊठ!" आईची हाक. लॅपटॉप मिटला आणि पळालो. तारीख राहिली तशीच.

दुसऱ्या दिवशी मुलीचे बाबा आले, सोबत मुलीची आत्या. पोहे झाले. मी ऐटीत प्रोग्राम सुरू केला. रंग येईना. लाल अक्षरांत एक ओळ आली: समोरच्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आहे.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काका, तुमच्या एसटीच्या पाससारखं असते हे. समोरचा आधी सर्टिफिकेट दाखवते, आपला कॉम्प्युटर त्याची मुदत आपल्या तारखेशी ताडून पाह्यते, मंगच बोलनं सुरू. यांचा पास संपला. चूक त्याहिची हाय!"

लगेच त्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, पाहुण्यांना कळू दे आपला वट. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "सर, हमारे यहाँ तो सब ठीक है।"

"ठीक कैसे? आपका सर्टिफिकेट खतम हो गया, आपको पता भी नहीं?" मी असा काही तापलो!

त्या म्हणाल्या, दुसरी कुठली वेबसाइट उघडून बघा. उघडली. मुदत संपलेली. बँकेची उघडली. संपलेली! रेल्वेची? तीही! माणसानं इथं थांबावं की नाही? मी थांबलो नाही. गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "काका, साऱ्या जगाची मुदत संपली."

"माह्या पेन्शनचं कसं होईन?" बाबा उभेच राहिले.

इतका वेळ आत्याबाई लॅपटॉपच्या पडद्याचा कोपरा निरखत होत्या. त्या म्हणाल्या, "काहो बापू, परवा त अमोशा झाली. हा पुरा चंद्र कुठला?"

मी तारखेकडे पाहिलं.

"तारीख... पुढं राह्यली," मी पुटपुटलो. "कोजागिरीचा चंद्र पाहून राह्यलो होतो."

बाबा वाकले, चष्मा सारखा केला. "हे त पुढच्या वर्साची हाय. यंदाची सोडून पुढची काहून?"

खोटं सुचेना. "यंदा... मी एकटाच असन न."

स्वयंपाकघरात आईच्या हातून भांडं पडलं. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि फोन? तो सुरूच होता! त्या बाई म्हणाल्या, "सर, आप तारीख ठीक कर लीजिए। और... बधाई हो।"

मी तारीख सुधारली. रंग आला, लाल. वारा जास्त, फवारणी नको. बाबांनी दाराबाहेर जाऊन हलणारं झाड पाहिलं, आत आले आणि आईला म्हणाले, "पोरगा कामाचा हाय बाई. फक्त एक वरीस समोर चालून राह्यला."

लग्न झालं. कोजागिरीही झाली. चंद्र बघता बघता मी दूध उतू घालवलं, ती वेगळी गोष्ट. पण सासऱ्यांचा फोन आजही येतो, तो असा:

"जावईबापू, रविवारी जेवाले या. याच वर्साच्या."