सोमवारचे ढेमसे

बोलायच्या आधी ते उजव्या हाताची मूठ तोंडाशी न्यायचे. मुठीत काही नसायचं. पण उभी नोकरी एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या केबिनमध्ये माइक धरून झालेली, त्यामुळे मूठ वर गेल्याशिवाय त्यांच्या घशातून आवाजच निघत नसे. जिन्यात गाठ पडली की आधी मूठ, मग खाकरणं, मग घोषणा.

"नमस्कार ताई. वरची टाकी भरून राहिली. समस्त रहिवाशांनी नोंद घ्यावी."

समस्त रहिवासी म्हणजे समोर मी एकटीच उभी असायची, हातात दुधाची पिशवी घेऊन.

निवृत्त होऊनही नोकरीतून न सुटलेला असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नंदनवन भागातल्या आमच्या आठ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना कंट्रोलर काका म्हणत. घरात मात्र कंट्रोल काकूंचा. काकू गोलमटोल, हसऱ्या आणि गोडाच्या भारी शौकीन. शाळेतून लवकर आलेल्या पोरांना घरात घेणं, कुणाची किल्ली सांभाळणं, कुणाचा गॅस सिलिंडर उतरवून घेणं, ही सगळी कामं त्यांच्याकडे. त्याचं आम्ही काय देणार? वाटी द्यायचो.

वाटीचं सांगायलाच हवं. आमच्याकडे कुणाच्या घरी काही वेगळं शिजलं की त्याची एक वाटी शेजारी जायची, आणि ती वाटी रिकामी परत यायची नाही. मी वडाभात द्यावा, समोरच्या मेश्रामताईंनी त्याच वाटीत सांबारवडी घालून पाठवावी. (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या वाचकांसाठी.) काकूंच्या वाटीत मात्र हमखास गोडच जायचं. शिरा, खीर, बासुंदी, काहीच नसलं तर तूपसाखर लावलेली गरम पोळी.

मग एका पावसाळ्यात काकूंची शुगर वाढली. थोडी नाही, डॉक्टरांनी चष्मा काढून पुन्हा रिपोर्ट वाचावा इतकी. दिवाळीपर्यंत खाण्यापिण्यावर लक्ष द्या, उतरली तर ठीक, नाही तर रोज इंजेक्शन, असं त्यांनी बजावलं. काकूंनी ही बातमी आम्हाला हसत हसत, मेश्रामताईंच्या घरची खीर खाता खाता सांगितली.

त्याच रविवारी काका पार्किंगमध्ये उभे राहिले. मूठ तोंडाशी गेली.

"समस्त रहिवाशांना सूचित करण्यात येते की, आठवड्याच्या जेवणाचं वेळापत्रक लागू झालं आहे. सोमवार, ढेमसे. मंगळवार, पालक-मूगडाळ. बुधवार, लवकी..." (लवकी म्हणजे दुधी.)

योजना अशी होती. काका रविवारी पहाटे ऑटो करून कळमन्याच्या बाजारात जाणार. तिथे माल ठोकमध्ये, पाव किलो ढेमसे मागितले तर लोक तोंडाकडे पाहतात. म्हणून पूर्ण बिल्डिंगची भाजी एकदम आणायची, पार्किंगमध्ये चादरीवर वाटून घ्यायची आणि ठरलेल्या दिवशी ठरलेलीच करायची. पैसे वाचणार, तब्येत सुधारणार, रोज संध्याकाळी "आज काय करू" म्हणून डोकं धरून बसणंही संपणार.

"पण काका, बुधवारी मला भरली वांगी करावीशी वाटली तर?" मी विचारलं.

"विनाथांबा गाडी हाय ताई. मधे उतरता नाही येत."

आम्ही हो का म्हणालो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. स्वस्त भाजीचा मोह होताच. शिवाय काका माइकवर, म्हणजे मुठीवर, बोलले की माणूस आपोआप आपलं सामान उचलून फलाटाकडे निघतो.

ढेमसे ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी देवाचे आभार मानावेत. टोमॅटोएवढं गोल, हिरवट फळ, स्वतःचं काही मत नसलेलं. मसाल्यात टाका, तेलात टाका, ते आपलं गप्प. आणि काकांच्या नियमात तेल चमच्याने मोजायचं. क्वचित दाण्याचा कूट जास्त घालायची परवानगी मिळे, त्या भाजीला काका एसटीच्या गादीवाल्या गाडीसारखं "निमआराम" म्हणत. कुणी दुसऱ्यांदा पोळी मागितली की ती "जादा गाडी", आणि जादा गाडी फक्त यात्रेच्या काळात सुटते, हे त्यांचं उत्तर.

पहिल्याच सोमवारी वाट्यांची पंचाईत झाली. सवयीने मी वाटी भरली आणि मेश्रामताईंचं दार वाजवलं. त्याही सवयीने वाटी भरून माझ्याच दाराकडे निघाल्या होत्या. माझ्या वाटीत ढेमसे, त्यांच्या वाटीत ढेमसे. वरच्या मजल्यावरून खाली ढेमसे येत होते, खालून वर ढेमसे जात होते. जिन्यात चार बायका चार वाट्या घेऊन उभ्या, आणि कुणाची कुठली तेच कळेना.

"बाई वं," मेश्रामताई म्हणाल्या, "आपण काहून चढउतार करून राहिलो? आपापल्याच घरचं खाऊ ना."

असं करत वाट्या हळूहळू थांबल्या. त्यावर काका एकदम खूश दिसले. आम्हाला वाटलं, जिन्यातली गर्दी कमी झाली म्हणून असेल. कंट्रोलरच तो.

खोटं कशाला बोलू, फायदा झाला. भाज्या फ्रिजच्या तळाशी सडेनाशा झाल्या. मोबाइलवरून जेवण मागवणं इतकं थांबलं की नेहमी डबे आणून देणारा मुलगा एक दिवस गाडी थांबवून चौकीदाराला विचारता झाला, "भैया, इस बिल्डिंग के सब लोग चले गए क्या?" मलाही जिना चढताना मधे टेकायची गरज पडेना. पण माणसाला नुसतं बरं वाटून चालत नाही हो, चमचमीतही वाटावं लागतं.

आणि मग कळमन्यात तो प्रकार घडला.

भाजीचा लिलाव चालू होता. काका बाजूला उभे होते. ओळखीचा एक दलाल दिसला म्हणून त्याला हाक मारावी म्हणाले, आणि हाक मारायची म्हणजे आधी काय? मूठ वर गेली, खाकरणं झालं. अडत्याला वाटलं, म्हाताऱ्याने बोली दिली. त्याने ठोकून टाकलं. तीन कट्टे ढेमसे.

कट्टा म्हणजे पोतं. पार्किंगमध्ये ऑटोतून पहिला कट्टा उतरला तेव्हा आम्ही हसलो. दुसरा उतरला तेव्हा एकमेकींकडे पाहिलं. तिसऱ्याला मेश्रामताई खालीच बसल्या.

"परत करा ना काका!"

"कसा करू? चारचौघांत हात वर गेला माहा. जाहीर झालेली गाडी रद्द नाही करत आपण."

तो आठवडा आमच्या बिल्डिंगने जसा काढला तसा शत्रूवरही येऊ नये. सोमवारी ढेमसे, मंगळवारी ढेमसे-मूगडाळ, बुधवारी भरले ढेमसे. गुरुवारी काकांनी ढेमशांचं भरीत जाहीर केलं. शुक्रवारी माझ्या नवऱ्याने, जो एरवी ताटात दगड वाढला तरी मीठ मागून खाईल, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "मी माझ्या आईकडे जाऊन येतो."

शनिवारी काका सावनेरला, लेकीकडे जाणार होते. संध्याकाळशिवाय परतणार नाहीत, ही पक्की बातमी काकूंकडूनच मिळाली. सकाळी ते गेटबाहेर पडले आणि मेश्रामताईंच्या स्वयंपाकघरात बिल्डिंगचं बंड सुरू झालं. बेसनाच्या वड्यांचा पाटोडी रस्सा! वर बोटभर लालभडक तर्री, बाजूला कांदा, लिंबू, आणि शेवटी मनुका घातलेला तुपातला शिरा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, मिक्सरवर उशी दाबून धरलेली. कुकरला शिट्टी देऊ द्यायची नाही म्हणून एक वहिनी गॅसपाशी पहारा देत होत्या.

काकूंना आम्ही मुद्दाम बोलावलं नव्हतं. आमच्यातही तेवढी अक्कल होती. पण वासाला कोण अडवणार? दार वाजलं. काकू उभ्या होत्या, घरून आणलेली स्वतःची वाटी पदराखाली धरून.

"मी फक्त पाहाले आली वं," त्या म्हणाल्या आणि थेट शिऱ्यासमोर बसल्या.

आम्ही नाही नाही म्हणत होतो. मेश्रामताईंनी एक चमचा वाढला, मग काकूंचा चेहरा पाहून आणखी एक. काकूंनी घास उचलला तेवढ्यात दार पुन्हा वाजलं.

दारात काका.

त्यांना बस मिळालीच नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्या सोडल्या, तो आपल्या वेळच्या वेळापत्रकावर विसंबून स्टँडवर गेला होता, आणि ती गाडी केव्हाच बंद झालेली होती. बाकावर बरंच बसून ते घरी परतले होते.

त्यांनी तर्री पाहिली. आम्हाला पाहिलं. मग काकूंच्या हातातली वाटी पाहिली. मूठ तोंडाशी गेली. आम्ही सगळ्या माना खाली घालून घोषणेची वाट बघत राहिलो.

घोषणा आलीच नाही. मूठ खाली गेली, आणि काका चपलांच्या स्टँडवर बसले. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचा बिनमाइकचा आवाज ऐकला. तो फारच लहान होता.

"घरचा साखरेचा डबा मी लपवला," ते म्हणाले. "पण तुमच्या घरच्या वाट्या कशा लपवू? सात घरं हायेत. रोज कोनाची ना कोनाची वाटी येते. ही काही नाही म्हनत नाही, अन् तुमच्या मायेले मी नाही कसा म्हनू? मंग म्हटलं, पूर्ण बिल्डिंगलेच पथ्यावर ठेवतो. कोनाच्याच घरी काही नसन, त वाटी येनार कुठून?"

गॅसवर रस्सा तेवढा खदखदत होता.

"अवो, एवढं काय त्या इंजेक्शनचं?" काकू म्हणाल्या. "मी नाही भेत सुईले."

"तू नाही भेत. मी भेतो!" काका एकदम म्हणाले. "तुहा हात थरथरते. रोज मलेच टोचा लागन. आजवर कधी हात नाही उगारला तुह्यावर, रोज सकाळी उठून सुई कशी टोचू, सांग!"

मला तेव्हा रडू आलं, हे सरळ सांगते. मेश्रामताईंनी गॅस बंद केला.

काकूंनी हातातली वाटी पाहिली, शिऱ्यावरचा मनुका पाहिला, आणि वाटी काकांपुढे धरली. काकांनी ती घेतली आणि बसल्या जागी सगळा शिरा संपवला. चाटूनपुसून.

"काका, तुम्ही?" मी विचारलं.

"माही शुगर नॉर्मल हाय. विलायची कमी पडली ताई," ते मेश्रामताईंना म्हणाले.

"चला उठा," काकू त्यांचा दंड धरून म्हणाल्या. "घरी ढेमसे पडले हायेत. सोलून ठेवू."

त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये बंड झालं नाही. उलट आम्ही जरा अतीच केलं. काकूंच्या दारासमोरून वाटी नेताना झाकण उघडून दाखवायची पद्धत पडली. "मटकी आहे, काकू." "दिसते वं." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर मुलाच्या वाढदिवसाला केकच्या जागी कोहळ्याचे धिरडे करून मेणबत्ती लावली. ते पोरगं अजून त्यांच्यावर रुसलेलं आहे.

दिवाळीच्या तोंडावर काकूंचा रिपोर्ट आला. काका पार्किंगमध्ये उभे राहिले. मूठ वर. बराच वेळ नुसतं खाकरणंच चाललं होतं.

"दिवाळीला सुटणारी सुई... सुटणारी सुई रद्द करण्यात आलेली आहे. प्रवाशांना झालेल्या त्रासाबद्दल," इथे ते थांबले, "लई लई आभार."

आम्ही टाळ्या वाजवल्या, फराळाचं ताट फिरवलं. काकूंनी लाडवाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी चिवडा घेतला.

पुढच्या वर्षी ते दोघं कायमचे सावनेरला गेले, लेकीच्या घराशेजारी. टेम्पो निघताना काकांनी खिडकीतून मूठ वर केली, पण टेम्पोच्या आवाजात काय जाहीर केलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. काकू तेवढ्या हात हलवत राहिल्या. मी वर आले आणि मोठ्याने म्हणाले, सुटलो बाई. घरात कुणी नव्हतं, तरी म्हणाले.

आता कुणाचं बंधन नव्हतं. काहीही करावं, कितीही तेलात करावं. सोमवारी संध्याकाळी कामावरून येताना कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे थांबले, घरी आले, फोडणी टाकली. भाजी झाल्यावर वाटी भरली आणि समोरचं दार वाजवायला बाहेर पडले.

मेश्रामताई दारातच उभ्या होत्या, हातात वाटी घेऊन.

माझ्या वाटीत ढेमसे. त्यांच्या वाटीत ढेमसे.

दोघी एकमेकींच्या वाट्यांकडे बघत राहिलो. मेश्रामताईंनी उजव्या हाताची मूठ तोंडाशी नेली, खाकरल्या, आणि मूठ तशीच खाली आली. मग आम्ही वाट्या बदलल्या आणि आपापल्या घरी जाऊन जेवलो.

त्यांच्या भाजीत दाण्याचा कूट जरा जास्त होता. निमआराम.