वन्संच्या सुरावटीचा शेवट

आज देवापुढून उठायला उशीर झाला. मागणं काही नव्हतं, आभारच मानायचे होते, आणि त्यालाच वेळ लागला. आता वहीत नीट लिहून ठेवते.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, टेलिव्हिजन केंद्रात ऑर्गन वाजवायच्या. नावाड्याच्या कुटुंबाची एक मालिका दर आठवड्याला थेट प्रसारित व्हायची, तिचं संगीत वन्संचं. शेवटची सुरावट तर माझ्या माहेरीही सगळे गुणगुणायचे. पण ती पूर्ण कुणीच ऐकलेली नाही. नट मंडळी आपली वाक्यं लांबवायची, मग बातम्यांपर्यंत उरलेल्या वेळात काय बसेल तेवढंच वाजवायचं. समोर एक वेळ सांभाळणारा माणूस उभा असे. त्याने हाताने कापल्याची खूण केली की वन्संनी असतील तिथे बोटं उचलायची. चित्रफिती तर केंद्राने पुसून पुन्हा वापरल्या. मालिका संपली, सुरावट गेली.

आता त्या आमच्याकडेच राहतात. रोज सकाळी आमच्या पुतण्याने दिलेल्या की-बोर्डवर ती सुरावट धरतात, एका जागी येतात आणि थांबतात. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, केंद्रातली सवयच ती. पण मध्यंतरी त्यांच्या चष्म्याचं घर फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यावर सापडलं. आम्ही हसलो, त्या हसल्या नाहीत. दुपारी भाजी निवडताना मला म्हणाल्या, "पुढचं आठवत नाही गं. इथपर्यंत येतं आणि पुढे भिंत. आईचंही असंच सुरू झालं होतं."

सासूबाई शेवटी पोटच्या मुलांनाही ओळखत नव्हत्या. वन्संनीच त्यांचं सगळं केलं. मी निवडलेली पानं पुन्हा निवडत बसले.

तेव्हापासून रोज देवाकडे एकच मागत होते, त्या सुरावटीचा शेवट त्यांना आठवू दे. एवढं बारीकसारीक मी सहसा देवाला सांगत नाही, त्याला इतर कामं असतात.

आणि गेल्या आठवड्यात केंद्रातून एका मुलीचा फोन आला. जुन्या ध्वनिफिती जतन करायचं काम तिच्याकडे आहे, म्हणून आमच्या घरात तिचं नाव जतनवाली पडलं. तळघरातली खोली रिकामी करताना तिला तालमीच्या वेळची एक फीत मिळाली होती. माइक तपासायला घेतलेली, आणि त्यात ती सुरावट न कापता होती. जुन्या मालिकांचं संगीत हल्ली लोक हौसेने ऐकतात, त्याची रेकॉर्ड काढायची म्हणाली.

मला वाटलं, वन्सं उड्या मारतील. त्या म्हणाल्या, नको. यांनी समजावलं, चिडवलं, भाव खातेस म्हणाले. कशाला दाद नाही. शेवटी स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाल्या, "ऐकलं आणि ओळखलंच नाही, तर? मग तर पक्कंच झालं ना."

मी म्हटलं, "मी शेजारी बसते. नाही ओळखलं तर दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ." त्यांनी ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, बोलव तिला.

आज जतनवाली आली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, छोटे स्पीकर जोडले. सुरावट सुरू झाली तशी वन्संची बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली. कुठे दाबून, कुठे अलगद, एकही सूर चुकला नाही. मग ती जागा आली. वन्संनी माझं मनगट घट्ट धरलं.

आणि ऑर्गनही थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग एका तरुण मुलीचा ठसक्यातला स्वर: "पुढचं बांधलेलंच नाही हो मी. इथपर्यंत पोचू देतंय कोण? त्याच्या आधीच हा कापायची खूण करतो." मागे कुणीतरी पुरुष हसला. संपलं.

जतनवाली ओशाळून सांगायला लागली की ते बोलणं रेकॉर्डमधून काढून टाकणार होतो, तुम्हाला ठाऊकच असेल असं वाटलं. वन्सं म्हणाल्या, पुन्हा लावा. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"विसरले नाही गं मी," म्हणाल्या. "नव्हतंच. आळशी कार्टी नुसती."

हे दारातून म्हणाले, "ते तर मी लहानपणापासून सांगतोय."

जतनवालीने विचारलं, शेवटी आवाज हळूहळू कमी करत नेऊ का, म्हणजे तुटल्यासारखं वाटणार नाही. वन्संनी साफ नकार दिला. बोलण्यासकट हवं, खुर्चीच्या आवाजासकट, एक अक्षर कापायचं नाही.

डॉक्टरांकडे आम्ही तरीही जाणार आहोत. चष्म्याचं घर फ्रीजमध्ये गेलं होतं ते गेलंच होतं, आणि वन्संनी आज स्वतःहून होकार दिला. पण मनगट धरलं तेव्हा त्या हातात जी भीती होती, ती आज उतरली. मी शेवट मागत होते. देवाने त्याहून बरं दिलं, ते माझ्या डोक्यातही आलं नसतं.

हे लिहितेय आणि वन्सं बाहेरच्या खोलीत की-बोर्डवर बसल्यात. तीन वेगवेगळे शेवट करून झाले. मी इथूनच सांगितलं, दुसरा छान होता. त्यावर उत्तर आलं, तुला सुरातलं काय कळतंय, आधी चहा टाक, चौथा ऐकवते.