आत्याचा निळा फ्रॉक

कौसाआत्या लहान मुलाचा कुठलाही कपडा हातात घेतला की आधी उलटा करायची. शिवणीवरून अंगठा फिरवायची आणि मग तीच शिवण आपल्या गालाला घासून बघायची. दुकानदार वैतागून म्हणायचा, "मावशी, डिझाइन पुढून हाय." आत्या म्हणायची, "तुमचं डिझाइन लोक बघतेत. शिवण लेकराला टोचती."

वडिलांची ही थोरली बहीण मुखेडला राहायची. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. शेतातलं आवरून ती दुपारी शिलाई मशिनीवर बसायची. स्वस्त-महाग ती धुण्यांवर ठरवायची. "चार धुण्यांत रंग इटला तर फुकट मिळालं तरी महाग!" लेकरू वाढतं म्हणून शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं राखायची. आणि तिचे दोन फ्रॉक कधी सारखे नसायचे. "आपलं लेकरू लांबून वळखू आलं पायजे," म्हणायची.

माझ्या ईराचा पहिला वाढदिवस आम्ही नांदेडला हॉल घेऊन केला. तेव्हा माझ्या डोक्यात भलतंच वारं शिरलं होतं. जाळीचा, चमकीचा, चांगला महागडा गुलाबी फ्रॉक मी आणून ठेवला होता. चार दिवस आधी आत्या एसटीनं आली, ती निळा सुती फ्रॉक घेऊन. गळ्याभोवती पांढऱ्या दोऱ्यानं कापसाची बोंडं भरलेली. बोंडं! अगं बाई, सासरचे काय म्हणतील? तोंडावर मात्र "छान आहे गं, घालते" म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी, आत्या देवळात गेलेली बघून, तो भांडी घासणाऱ्या शोभाला तिच्या मुलीसाठी देऊन टाकला. वर शहाणपणा असा, की तिला वाढदिवसाचं आमंत्रणही दिलं.

हॉलमध्ये ईरा मान खाजवून खाजवून रडत होती. तिच्यासारखेच गुलाबी फ्रॉक घातलेल्या आणखी दोन मुली तिथं होत्या. तेवढ्यात शोभा आली. कडेवरच्या मुलीच्या अंगात निळा फ्रॉक. माझी नणंद लगेच पुढं झाली, "किती वेगळा आहे गं! कुठून आणलास?"

"ताईनंच दिला की," शोभा माझ्याकडं बोट करून म्हणाली.

आत्या तिथंच खुर्चीवर बसली होती. माझी मान वर होईना. तिनं त्या पोरीला मांडीवर घेतलं, काखेत बोट घालून बघितलं आणि शोभाला म्हणाली, "हितं घट्ट होऊन राहिलंय. उद्या घेऊन ये, उसवून देते. आत कापड हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच उसवून दिला. मी माफी मागायला तीनदा स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि तीनदा "चहा टाकू का?" विचारून आत गेले. ती चार शिव्या हासडती तर बरं झालं असतं. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

पुढच्या वाढदिवसाला आत्या आली तेव्हा तिच्या हातात दुकानाची चकचकीत पिशवी होती. आत गुलाबी, जाळीचा फ्रॉक.

"आत्या, तू शिवला नाहीस?"

"तुमच्याकडं काय चालतंय ते मला कळत न्हाई, माय," ती अगदी साधेपणानं म्हणाली. "पावती आत हाय. आवडला न्हाई तर बदलून देतेत."

मग काखेतली कापडी पिशवी पुढं घेऊन तिनं विचारलं, "शोभाची पोरगी कुठं हाय? तिचा शिवून आणलाय."