नंदाबाईची हाक

हसनाबादेत अजूनही नंदाबाईच्या हाकेचा दाखला देतात. निंदणीला बायकांची टोळी न्यायची असली की ती ओट्यावर उभी राहून एकच हाक मारायची, आणि पार खालच्या आळीतली बाई भाकर तव्यावर सोडून “आले, आले” करीत खुरपं शोधू लागायची. रानात तर तिचं तोंड खुरप्याच्या वर चालायचं. बायका रोजासाठी यायच्या हे खरं, पण तिचं बोलणं ऐकायला मिळतं म्हणूनही यायच्या.

अशी ही बाई नातू झाल्यावर मुकी झाली.

त्याला कारण होतं. मुलगा हरिओम शहरात कॉलेजला गेला तेव्हा वर्गात उभं राहून “सर, मी काल आल्तो” असं म्हणाला आणि अख्खा वर्ग हसला. पोरगं दिवाळीला घरी आलं ते तोंडात गुळणी धरूनच. पुढे तो जालन्याला बियाण्याच्या कंपनीत लागला, शाळेत शिकवणारी अर्पिता सून म्हणून आली, सगळं नीट झालं. पण न ऐकलेलं ते हसणं नंदाबाईच्या मनातून काही गेलं नाही. नातवाच्या, माऊलीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

बाळंतपणाची रजा संपून सून शाळेत जाऊ लागली तशी ती रोज टीव्हीवर बातम्या लावायची आणि बाळाला समोर गोधडीवर बसवायची. त्या बाया किती स्वच्छ बोलतात, पोर तेच उचलेल, हा तिचा हिशोब. मधे आपलं गावठी पडायला नको म्हणून न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं, सगळं खुणांनी. शेळीलासुद्धा हाक बंद. संध्याकाळी नंदाबाई दोर घेऊन गल्लीभर हिंडायची आणि चिंगी शेळी कुणाच्यातरी कडब्याशी उभी राहून हाकेची वाट बघायची. अर्पिताला वाटायचं, सासूबाईंना बातम्यांचा नाद लागलाय.

माऊली चौदा महिन्यांचा झाला. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी तिथल्या सेविका बेबीनंदाताईंनी पाठीमागून त्याला दोनदा नावानं हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. अर्पिताचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी कान तपासले, कान खणखणीत होते. मग बेबीनंदाताई घरी आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, “मावशी, दिवसभर ह्याच्याशी बोलतं कोण?”

नंदाबाईनं टीव्हीकडे बोट दाखवलं. “मी गावठी बोलते, ताई. माह्यामुळं पोराला कोणी हसाया नको. आठ महिन्यांपासून बराबर शुद्धच आयकून राह्यलंय ते.”

“आणि पोरानं ‘आं’ केलं तर टीव्ही ओ देतो का?” ताई म्हणाल्या. “त्याला ओ देणारं माणूस लागतं, मावशी. ते कसं का बोलंना.”

अर्पिता हळूच म्हणाली, “आई, मी बिनपगारी रजा टाकते.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. जिच्या भरवशावर टोळ्या चालल्या, तिच्या भरवशावर एक लेकरू राहू शकत नाही म्हणजे काय?

“दोन महिने दे मला,” नंदाबाई म्हणाली. “मंग टाक रजा.”

टीव्हीवर तिनं जुनं लुगडं टाकलं. तीन दिवस माऊलीनं त्या लुगड्यासमोर बसून घर डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी तिनं त्याला कडेवर घेतलं आणि आठ महिन्यांचं तुंबलेलं बोलणं सोडलं. “ह्यो तवा. तापला का? तापला. मंग टाकू का भाकर? बोल की, का मीच बोलू?” आणि ती खरंच थांबायची. तो “आं” म्हणाला की ती “ओ” म्हणायची, मगच भाकर पडायची. कधीकधी तवा लाल व्हायचा, पण तिनं पोराची पाळी चुकवली नाही. संध्याकाळी ओट्यावर येऊन तोंडाशी तळहात धरून ती हाक द्यायची, “चिंगे, आँव आँव!” आणि शेळी कडबा सोडून धावत यायची. माऊली आधी शेळीकडे बघायचा. मग आजीच्या तोंडाकडे बघायला लागला.

दोन महिन्यांनी पुन्हा वजनाचा दिवस आला. अर्पितानं अर्धी सुटी काढली होती. बेबीनंदाताईंनी मागून हाक मारली, “माऊली!”

तो वळला. नुसता वळला नाही, “ओ” म्हणाला. अर्पितानं पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात त्याची नजर दाराबाहेर गेली. मागं मागं आलेली चिंगी अंगणवाडीचा वेल ओरबाडत होती. वजनकाट्यावर बसल्या बसल्या माऊलीनं इवलासा तळहात तोंडाशी नेला आणि हाक दिली, “चिं! आँव!”

चिंगीनं वेल सोडला आणि ती थेट दारात येऊन उभी राहिली.

जमलेल्या बायका खदाखदा हसल्या. नंदाबाईनं झटकन आधी पोराकडे बघितलं. माऊली सगळ्यांच्या वर हसत होता, आणि त्यानं पुन्हा हाक दिली.

“कोणी शिकवलं हो ह्याला, मावशी?” ताईंनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

“म्या,” नंदाबाई म्हणाली, आणि ते पार खालच्या आळीत ऐकू गेलं.