दुर्गाबाईंच्याच दारात थाळ्या

केनवडात दारू पिणारे दोघांनाच भीत, पोलिसांना आणि दुर्गाबाईंना. त्यातही पोलिसांशी निदान बोलता तरी येई. महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून बाईंनी नियमच घातला होता: ज्याच्या घरी बाटली सापडेल, त्याच्या दारात थाळ्या बडवायच्या. पंचशीलातलं दारू न पिण्याचं पाचवं शील त्या नुसतं म्हणत नसत, वाजवून घेत.

अशा बाईंचा मुलगा प्रसेनजित पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात आचारी झाला. दिवसभर परक्यांना रांधून घालायचं आणि आईनं मात्र आपल्या हातचा घासही खाल्लेला नाही, हे त्याला सारखं सलत होतं. म्हणून या सुटीत आईला फ्रेंच पद्धतीची कोंबडी खाऊ घालायचीच, असं ठरवून तो आला. बाई मंडळाच्या बैठकीला गेल्या आणि यानं अंगणातली चूल पेटवली. कोंबडी लोण्यात परतली, कांदा-लसूण घातला, आणि टॉवेलात गुंडाळून आणलेली पांढरी वाइन भदाभदा पातेल्यात ओतली. वर झाकण, खाली मंद जाळ. रिकामी बाटली ठेवली कुठे, तर ओट्यावर! शिकलेल्या माणसाला अक्कल असतेच असं नाही.

दुर्गाबाई परतल्या त्या शेजारच्या कस्तुराबाईला घेऊनच. दोघींची नजर एकदमच बाटलीवर गेली.

"हे काय होय रे?"

"वाइन आहे आई, द्राक्षाची. कोंबडीत टाकली. शिजताना त्यातली दारू उडून जाते."

"उडून कुठं जाते?"

"हवेत."

"मंग आमी दोघी आता काय हुंगून राह्यलो?"

प्रसेनजितनं पातेल्यावरचं झाकण आणखी घट्ट दाबलं.

"जाऊ द्या न बाई, लेकराचं काम हाये," कस्तुराबाई गोड आवाजात म्हणाली. "मी कोणाले सांगत नाई. आमच्या मालकाच्या वक्ताले तं तुमी चांगलं अर्धा घंटा वाजवलं होतं, पण थे जाऊ द्या."

कस्तुराबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. पण त्यांना भीती तिची नव्हती. उद्या दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं, याची होती. त्या आत गेल्या, थाळी नि उलथनं घेऊन आल्या आणि स्वतःच्याच दारात उभ्या राहून बडवायला लागल्या.

मंडळाच्या बाया थाळ्या घेऊन धावत आल्या. "कोणाच्या घरी वं बाई?"

"माह्या. वाजवा!"

बाया बिचकत बिचकत वाजवू लागल्या, तशा दुर्गाबाई कडाडल्या, "जोरानं! दुसऱ्याच्या दारात तं छपराच्या टिना हालवता!"

वाजवून झालं तरी बाया हलेनात. पातेल्याचा वास गल्लीभर पसरला होता. एकीनं झाकण उचललं. "हे पांढरं काय होय? तर्री कुठं हाये? बिमार माणसासाठी केलं का?"

"नियम बाटलीचा हाये, पातेल्याचा नाई," कस्तुराबाईनं निकाल दिला आणि वाटी पुढे केली. मग गल्लीतल्या सगळ्याच बसल्या. पातेलं खरवडून निघालं.

दुर्गाबाईंनी बोटसुद्धा लावलं नाही. प्रसेनजितचं तोंड एवढंसं झालं. ज्या एका माणसासाठी रांधलं, ते एक माणूस सोडून सगळं गाव जेवून गेलं!

पातेल्यात न मावलेल्या दोन तंगड्या बाजूला कच्च्याच राहिल्या होत्या. त्यानं पुन्हा चूल फुंकली, वाइनच्या जागी आंबट संत्र्यांचा रस पिळला आणि आईसमोर ताट ठेवलं. बाई जेवल्या.

"खरं सांग," त्या म्हणाल्या, "थे दारूवालं याच्यापेक्षा चांगलं लागते का?"

"हो आई. बरंच चांगलं लागते."

बाईंनी ताट पुढे सरकवलं.

"खोटं बोलला असता तं मार खाल्ला असता. वाढ अजून."