प्रश्न नववा : निरंक

आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याचे मॅनेजर माझे भावोजी लागतात. सख्ख्या मोठ्या बहिणीचा नवरा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणायचं, परक्या माणसाबद्दल इतकं वाईट बोलू नये. परके असते तर इतका राग आलाच नसता.

कारखान्यात त्यांना तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'झाकण' म्हणतात. हे नाव मी पाडलं असा त्यांना संशय आहे, आणि तो खरा आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून दहा वेळा निघतं. चहाच्या कपावर बशी, बशीवर रुमाल. घरी टीव्हीवर कापड, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. सोफ्यावर दुकानातून आलेला प्लास्टिकचा कागद अकरा वर्षं झाली तरी तसाच आहे. उन्हाळ्यात त्यावरून उठताना पाठीची साल निघाल्यासारखी वाटते. लग्न ठरवायला हा माणूस तीनदा आमच्याकडे आला आणि तिन्ही वेळा टोपी घालून बसला. टक्कल आहे हे ताईला लग्नानंतर कळलं.

याचं मूळ त्यांच्या शाळेत आहे, असं ताई सांगते. शाळेची तपासणी असली की मास्तर आदल्या दिवशी चार-पाच पोरांना सांगायचे, उद्या तुम्ही येऊ नका. ही गणितात मठ्ठ असलेली पोरं. भावोजी त्यात दरवर्षी असायचे. तपासनीस यायचे, उरलेली पोरं धडाधड पाढे म्हणायची आणि शाळेला उत्तम शेरा मिळायचा. सांगताना ताईचे डोळे भरून येतात. माझे नाही येत. एखाद्याला त्या दिवशी मास्तरांची चीड आली असती. ह्यांनी त्यातून धडा घेतला, की तपासणी म्हणजे जे बिघडलंय ते दिसू न देणं. आयुष्यात तेवढा एकच धडा त्यांना नीट पाठ झाला.

मी बॉयलरवर. नोकरी त्यांनीच चिकटवली, आणि महिन्यातून एकदा तरी ते त्याची आठवण करून देतात. बॉयलरची वाफ नळांमधून मोठ्या रोलरांकडे जाते, तापलेल्या रोलरांतून कागद नागमोडी होऊन निघतो, त्याला खळ लागते, वरखाली सपाट कागद चिकटतो आणि पुठ्ठा तयार होतो. हे सगळं ठीक चालतं तेव्हा. आमच्याकडे वाफेचे नळ इतके कुजलेले होते की निम्मी वाफ रोलरपर्यंत पोचायचीच नाही. दाबाच्या हवेचे पाइप दिवसभर फुसफुसायचे. जेवणाच्या सुट्टीत मशिनी थांबल्या की साप पाळलेत की काय असं वाटायचं. जुना रोलर, ज्याला आम्ही म्हातारी म्हणतो, तो तर नव्याच्या दुप्पट वाफ पिऊन निम्मा पुठ्ठा द्यायचा.

मालकांनी एक दिवस भावोजींना आणि मला समोर उभं केलं. म्हणाले, "कोळसा मला परवडत नाही. वर्षअखेरपर्यंत खप कमी झाला नाही तर बॉयलर भंगारात काढतो आणि तयार पुठ्ठा बाहेरून आणतो. इथे नुसती खोकी जोडायची." म्हणजे बॉयलर आणि रोलरवरची अठरा माणसं घरी. त्यात मी, आणि ज्यांच्या हाताखाली ही अठरा माणसं ते भावोजीही. मग मालकांनी एक कागद पुढे सरकवला. "ही सरकारी योजना आहे. त्यांचे इंजिनिअर फुकटात ऊर्जा तपासणी करतात. कुठे वाया जातंय ते शोधतात आणि दुरुस्तीचा निम्मा खर्च सरकार देतं. अर्ज भरा."

आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं माझ्या मनात आलं. पण भावोजींच्या कानात त्या सगळ्यातून एकच शब्द शिरला. तपासणी.

अर्ज भरायला त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, कारण आकडे माझ्याकडे होते. पहिल्या पानावरच अडले. "जोडलेला भार म्हणजे मशिनींचं वजन का रे?" वीस वर्षं मॅनेजर! विजेचा भार, असं सांगून बिलावर बोट ठेवलं तेव्हा म्हणाले, "मला माहीत आहे, तुला माहीत आहे का ते बघत होतो."

पुढचा प्रश्न कोळशाचा.

"रोज किती लागतो?"

"चार टन."

त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : अडीच.

"भावोजी, चार."

"कारखान्यात भावोजी म्हणू नकोस."

"साहेब, चार."

"चार लिहिलं तर ते काय म्हणतील? काय अंदाधुंदी चाललीय इथे, असं म्हणतील."

"तेच म्हणायला हवंय ना त्यांनी! त्याशिवाय पैसे कसे देतील?"

"तुला जगाचा अनुभव नाही," ते म्हणाले. "सरकार रडणाऱ्याला देत नाही. नीटनेटक्याला देतं. आणि पावत्या आत्ता मागितलेल्याच नाहीत, दुसऱ्या टप्प्यात द्यायच्या आहेत. तोवर बघू."

मग आला प्रश्न नववा. 'आपल्या कारखान्यात ऊर्जा कुठे कुठे वाया जाते असे आपणांस वाटते? सविस्तर लिहा.' खाली आठ रिकाम्या ओळी. मला तर पुरवणी जोडावी लागली असती. भावोजींनी पेनाचं टोपण काढलं, पहिल्या ओळीच्या बरोबर मधोमध एक शब्द लिहिला आणि खाली दुहेरी रेघ ओढली. निरंक.

वैद्याच्या दारात जाऊन 'मला काही होत नाही' म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला, आणि तो माझ्याच नात्यातला निघाला. मी खूप बोललो. त्यांनी अर्ज पाकिटात घातला, पाकीट दुसऱ्या पाकिटात घातलं आणि डिंक लावला.

महिन्याभराने पत्र आलं. प्राथमिक पाहणीला इंजिनिअर येणार. पाहणीत वाया जाणं दिसलं तर पुढची पूर्ण तपासणी आणि मदत, नाहीतर अर्ज निकाली, आणि दोन वर्षं नवा अर्ज नाही. हे सगळं पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी पत्राची घडी घातली आणि चांदी रंगाचे आठ डबे मागवले.

आठ दिवस पुठ्ठा बाजूला आणि रंगरंगोटी सुरू. कुजलेल्या नळांवर गोणपाट गुंडाळलं, त्यावर चकचकीत पत्रा. तो मीच गुंडाळला. हुकूम त्यांचा, हात माझे. म्हातारीला बंद करून तिच्यावर ताडपत्री टाकली आणि 'राखीव' अशी पाटी अडकवली. मठ्ठ पोराला घरी बसवलं ते असं. आणि कळस म्हणजे, हवेची फुसफुस ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी छताखालचा मोठा पंखा दिवसभर चालू ठेवायला सांगितला. वीज वाया जाते ते कळू नये म्हणून आणखी वीज जाळायची! ही अक्कल विकत मिळत नाही, ती जन्मतःच लागते.

आलेली इंजिनिअर तिशीची बाई होती. पायात जाड बूट, हातात तापमान बघायचं यंत्र. भावोजी तिच्यापुढे अर्धे वाकून चालत होते. तिने पंखा बंद करायला सांगितला. "कामगारांना उकाडा सोसत नाही हो मॅडम," भावोजी म्हणाले. वीस वर्षांत कामगारांच्या उकाड्याची त्यांना आलेली ती पहिली आठवण. तिने यंत्र पत्र्यावर धरलं, भुवया उंचावल्या, पत्र्यावर बोट आपटलं. मग सरळ माझ्याकडे बॉयलरपाशी आली. राखेच्या ढिगात पायाने उकरलं. अर्धवट जळलेले कोळशाचे खडे वर आले.

"दिवसाला अडीच टन लिहिलंय तुम्ही," ती हळू आवाजात म्हणाली. "मला पटत नाही. पण मी लेखी आणि तोंडी माहितीवरच अहवाल देऊ शकते, तुमचे पत्रे उचकटायचा मला अधिकार नाही. वाया जात असेल तरच मदत मिळते, दादा. तुम्ही इथे रोज असता. खरं सांगा. सगळं ठीक आहे का?"

तिच्या मागे भावोजी उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि घाम न पुसता वाफेच्या दाबाचं घड्याळ पुसायला लागले. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, नळ, म्हातारी, पंखा, चार टन. अठरा माणसांची भाकरी त्या एका उत्तरात होती.

"सगळं ठीक आहे, मॅडम," मी म्हणालो.

ताईचा संसार डोळ्यांसमोर आला, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी घाबरलो. ज्याला सहा वर्षं शेळपट म्हणून हिणवत आलो, त्याच्या नजरेला मी घाबरलो.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. 'दिलेल्या माहितीनुसार संयंत्राचा इंधनवापर अपेक्षेपेक्षा कमी असून शासकीय साहाय्याची आवश्यकता आढळत नाही. आपल्या कार्यक्षमतेबद्दल अभिनंदन.' भावोजी तो कागद घेऊन मालकांच्या केबिनमध्ये जवळजवळ नाचत गेले. मीही मागोमाग गेलो. मालकांनी वाचला. पुन्हा वाचला.

"म्हणजे आपल्याकडे काहीच वाया जात नाही?"

"अजिबात नाही, साहेब!"

"मग रोजचा चार टन कोळसा कोण खातं? तुम्ही?"

भावोजींनी अहवाल हळूच उचलून परत पाकिटात घातला. मालक ओरडलेही नाहीत. वर्षअखेरची वाट न पाहता महिनाअखेरीलाच बॉयलर थंड झाला आणि अठरा माणसांनी आपापले कपाटाचे खण रिकामे केले. कुणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. रोलरवरचा म्हातारा ऑपरेटर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा काय दोष? तुझ्या भावोजींनीच खड्डा खणला." मी मान डोलावली.

पुढच्या बुधवारी दुपारी मी ताईकडे निघालो होतो. वाटेत बसथांब्यामागच्या बागेत बाकावर भावोजी दिसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डबा, डब्यावर रुमाल. रुमाल वर उचलून एकेक घास काढत होते आणि पुन्हा झाकत होते, बागेत त्यांचा घास कुणी पळवणार होतं जणू. नोकरी गेल्याचं घरी सांगितलेलं नाही, हे मला तिथेच कळलं. इतका तिरस्कार मला कुणाचाच वाटला नव्हता. आता हे झाकण मीच उघडतो, असं ठरवूनच मी पायऱ्या चढलो.

ताईने दार उघडलं. "अरे, आज कामावर नाही?"

"रात्रपाळी आहे," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

मी सोफ्यावरच्या प्लास्टिकवर बसलो. समोरच्या भिंतीवर नवी चौकट होती. काचेआड तो अहवाल. 'अभिनंदन' या शब्दाखाली लाल पेनाने रेघ, शाळेच्या प्रगतिपुस्तकात मारतात तशी.

"बघितलंस?" ताई पदराने काच पुसत म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा तपासणीत पास झाले. रात्री कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभे होते." मग ती वळली, आणि तिचा आवाज खाली आला. "पण घास धड खात नाहीत रे. दोन दिवस झोपेत बडबडतात. तू तिथे रोज असतोस. खरं सांग. सगळं ठीक आहे ना?"

मी चौकटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सगळं ठीक आहे, ताई," मी म्हणालो.

ती चहा टाकायला आत गेली. कप आणून माझ्यापुढे ठेवला. तो गार होऊ नये म्हणून मी त्यावर बशी ठेवली.